पाच वाजताची हजेरी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

रुजू झाले एकदाची! भीमपूर मंडलातली मराठी माध्यमाची शाळा, पैनगंगा अगदी जवळ, पलीकडं महाराष्ट्र. हेडमास्तर माणिकराव सरांनी हजेरीपट हातात देताना बजावलं, की एका जरी पोराचं नाव घ्यायचं राहिलं तर ते दिवसभर रुसून बसतं. माझ्याच मनातलं बोलले. अर्धवट सोडलेली हजेरी मला बघवतच नाही, मग ती कोणाची का असेना.

खोलीही झकास मिळाली. घरमालकीण बयनाबाई शेजारच्याच घरात एकट्या राहतात. वेचणीचे दिवस, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर कापसाचा ढीग. मला बघून म्हणे, पंतुलम्मा इतकी बारकी कशी वो, पोरं भिणार नाहीत. (इथं मास्तरीणबाईला पंतुलम्मा म्हणतात.) आणि लगेच पिठलं-भाकर पुढ्यात. मी दोन भाकरी हाणल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण खरी मजा छतावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बांबूंवर ताणलेली तार! कपडे वाळवायची नव्हे, रेडिओची. माझ्या आधीचा भाडेकरू भूषण, कापसाच्या जिनिंगमधला कारकून, त्यालाही माझ्यासारखाच हॅम रेडिओचा नाद होता. दोन वर्षांपूर्वी कोणाला न सांगता कुठं निघून गेला, भावानं येऊन सामान नेलं, टेबल-खुर्ची आणि तार तेवढी राहिली. म्हटलं, भूषणराव, फार उपकार झाले तुमचे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रेडिओचा सेट लॅपटॉपला जोडून लागला. बयनाबाईंना समजावून सांगताना मात्र नाकी नऊ आले. त्यांचं एकच, फोन असताना हे झेंगट कायले पायजे. सांगितलं, की याला टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. मी इथं अक्षर दाबलं की तारेवरून हवेत जातं आणि मुधोळला बाबांच्या पडद्यावर उमटतं. एकेक अक्षर, माझ्या बोटांच्या चालीनं. मी खोडलं तर तिकडंही खोडलेलं दिसतं. फक्त एक टाइप करत असताना दुसऱ्यानं गप वाचायचं. दोघं एकदम सुटले तर नुसता कचरा. त्या म्हणाल्या, म्हणजे नवराबायकोचं भांडण. कपाळ!

बाबा म्हणजे धोंडीबा, मुधोळच्या तहसील कचेरीतले रिटायर कारकून. आजा-आजी लोकांच्या शेतात राबायचे. तारमास्तर विठ्ठलरावांनी बाबांना लहानपणी पोस्टात जवळ बसवून तारयंत्राचं कडकट्ट शिकवलं, आणि तिथून हे वेड आमच्या घरात शिरलं. सहा वाजता बाबांचं जयभीम पडद्यावर आलं तेव्हा घरी गेल्यासारखं वाटलं. आई मागून विचारून राह्यली होती म्हणे, जेवली का.

खुर्ची मात्र अजब आहे. दिवसभर सावलीत, तरी बसलं की गरम लागते, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. पत्र्याचा प्रताप असणार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बालदिनाची भाषणं, चिक्की, गोंधळ. घसा बसला. घरी येऊन पाचला सेट लावला तर चाळीस मीटरच्या पट्ट्यावर एक नवीन नेट सापडली. नेट म्हणजे ठरल्या वेळी जमलेली मंडळी. एकजण कंट्रोल असतो, तो एकेकाचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचा सांकेतिक क्रमांक, आणि नाव पुकारतो, ज्याचं नाव तो ओ देतो. आमची शाळाच की! इथली मंडळी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. एकवीस नावं. सगळे एकच शब्द देतात, हाजर. जुन्या वळणाची माणसं दिसतात.

कंट्रोलवाला मात्र फार थकलेला. अक्षर टाकतो, खोडतो, पुन्हा टाकतो. मी मध्येच विचारलं, कुठून बोलता. उत्तर आलं, इथूनच. हसायला आलं मला. सगळेच इथून बोलतात बाबा!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. पाचला मुद्दाम बसले. कंट्रोलवाला नवव्या नावानंतर अडकला. मग पडद्यावर आलं, कोणी घेईल का. पाच मिनिटं कोणीच बोलेना. बारा नावं तशीच लटकलेली. मला कसं राहवेल? टाइप केलं, नेट माझ्याकडे, अर्पिता. एवढंच लागतं आमच्यात, वाक्य आणि नाव. कोणी पावती देत नाही. उरलेली बारा नावं पुकारली, बारा जण हाजर.

त्यानंतर एक विचित्र झालं. कोणीतरी टाइप करायला लागलं, पोरी काऊन घेत— आणि तेवढ्यावर अक्षरं एकेक करून खोडली गेली.

सहाला बाबांना सांगितलं. ते पाचपासून त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत होते म्हणे. त्यांना माझीच अक्षरं दिसली. मध्ये सगळं कोरं. एकटीच कोणाशी बोलून राह्यली होतीस, असं विचारलं त्यांनी. त्यांची तार तपासायला झाली आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बयनाबाई धावत आल्या. भूषण आला होता! उजाडताना त्यांच्या ओसरीवर बसलेला. दाढी छातीपर्यंत, नखं वाढलेली, अंगात तोच दोन वर्षांपूर्वीचा शर्ट. बाप्पा, होतास तरी कुठं, असं विचारलं तर माझ्या खोलीकडं बोट केलं. म्हणाला, मॅडमला म्हणावं माफ करा, जित्या माणसानं घेतल्याशिवाय सुटका नाही. ढसाढसा रडला आणि पहिल्या बसनं गेला. बयनाबाईंच्या मते डोक्यावर परिणाम झाला.

मीही हसले. मग ती गरम खुर्ची आठवली. म्हणजे चार दिवस मी— माय वो. मी त्याच्या मांडीवर बसत होते?

फोन करून बाबांना एकवीस कॉलसाइन वाचून दाखवले. बाबांनी त्यांची वही काढून एकेक ताडून बघितला. मग सांगितलं, की यातला एकही जिवंत नाही. हॅम लोक माणूस मेला म्हणत नाहीत, त्याची तारेची किल्ली मुकी झाली म्हणतात. एकवीसच्या एकवीस मुक्या. बारावे विठ्ठलराव. तेरा वर्षांपूर्वी बाबांनी त्यांना खांदा दिला आहे.

सेटच्या वायरी काढून ठेवल्या. पाच वाजता बयनाबाईंच्या ओसरीवर कापसातला कचरा निवडत बसले होते. बसले होते, आणि पुढच्या क्षणी इथं. खुर्चीत. मुठीत कापूस तसाच. वायरी लोंबत होत्या आणि पडदा उजळलेला. पहिलं नाव समोर. पुकारल्याशिवाय उठताच येईना. सगळी पुकारली.

बाबांना सगळं सांगितलं, वाक्य आणि नावसुद्धा. ते म्हणाले, सकाळची पहिली गाडी धर आणि घरी ये.

१७ नोव्हेंबर, रविवार

सहाला निघाले, एकपर्यंत मुधोळ. आईच्या हातचं जेवले. साडेचारपासून बाबांनी एक मनगट धरलं, आईनं दुसरं. खोलीला आतून कडी. आई म्हणाली, आता बघते कोण नेतं माझ्या लेकीला.

पाच वाजता मी खुर्चीत होते. दोन्ही मनगटांवर त्यांची बोटं उमटलेली आहेत, अजून लाल.

त्यांच्या हातातून गेले मी. आई काय करत असेल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत गेले. माणसांत राहिलं की बरं वाटेल म्हणून. वर्गात हजेरी घेतली. एकाही पोरानं ओ दिली नाही. मला वाटलं चावटपणा करून राह्यलेत. ओरडले. कोणी वर बघेना. मग माणिकराव सर आत आले, माझ्या अंगाजवळून टेबलाशी गेले आणि पोरांना म्हणाले, मॅडम आज आल्या नाहीत, पाढे म्हणा.

बाबांचा फोन आला. मी बोलते आहे, आणि ते तिकडून, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही बेटा.

पाचला इथं. बावीस नावं झाली आहेत, आज आणखी कोणाची तरी किल्ली मुकी झाली असणार.

१९ नोव्हेंबर

उठता येत नाही आता. पाचची गरजच राहिली नाही. भूक नाही, तहान नाही. बयनाबाई कुलूप काढून आत आल्या, खोली झाडली. माझ्या पायाखालून केरसुणी फिरवली. स्वतःशीच बोलत होत्या, कुठं गेली हे बारकी पोरगी, काऊन सांगून गेली नाही. मी घसा फोडून ओरडले. त्यांनी खिडकी लावून घेतली.

दोन वर्षं तो असाच बसला होता. मी पहिल्या दिवशी गाणी म्हणत सामान लावलं त्याच्यासमोर. किती ओरडला असेल तो.

२० नोव्हेंबर

बाबा आले.

दारातच चप्पल काढली. हाक मारली, अर्पू. मी तीन हातांवर. उत्तर दिलं, पुन्हा पुन्हा दिलं. ते खाटेवर बसले आणि तोंडाला रुमाल लावून रडले. बाबांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. हात लांब केला, पोचत नाही.

जाताना माझा सेट, लॅपटॉप सगळं बांधून घेऊन गेले. भूषणच्या भावानं नेलं तसंच. तरी माझ्यासमोर पडदा आहेच. कीबोर्ड आहे. ही वही आहे, माझ्या हाताखालची कोणाला दिसली नाही.

टेबल रिकामंच दिसत असणार लोकांना.

२१ नोव्हेंबर

बाबा आले, फ्रिक्वेन्सीवर! पाच वाजता, माझ्या पुकाऱ्याच्या मध्ये. जयभीम बेटा, तुझी अक्षरं दिसून राह्यलीत. मी वेड्यासारखी टाइप करत सुटले. आई कशी आहे, जेवता का, मी इथंच आहे, तुम्ही खाटेवर बसला होतात तेव्हाही होते. तिकडं आई मोठ्यानं वाचून राह्यली आहे म्हणे माझं प्रत्येक अक्षर.

मग बाबांनी टाकलं, माझं वय झालं. तुझं सगळं व्हायचं आहे. उद्या नेट मी घेतो.

नाही म्हटलं. शंभर वेळा नाही. ते म्हणाले, विठ्ठलराव आहेत ना तिथं, माझी सोबत होईल. आईशी बोलणं झालं आहे.

खोटं. आई हो म्हणणारच नाही. मला सुटायचं आहे, खरंच सुटायचं आहे, पण असं नाही. बाबा या खुर्चीत, कोणी बघत नाही, कोणी पाणी देत नाही, आणि मी बाहेर उभी— नाही. मेले तरी नाही.

२२ नोव्हेंबर

पाच वाजले. बाबांनी सुरुवात केली. ने— दिसताच मी बटण दाबलं. एकच अक्षर, दाबून धरलं आहे. माझं चालू असेपर्यंत त्यांचं वाक्य पोचणार नाही. नुसता कचरा होईल. वाक्य आणि नाव पूर्ण गेलं नाही तर नेट त्यांची होत नाही.

उजवं बोट बटणावर. डावा हात वहीला चिकटल्यासारखा, बटणाकडं नेताच येत नाही, त्यानं लिहिते आहे.

बावीस जण थांबलेत. थांबू देत.

साडेपाच— बोटाला मुंग्या. दुसरं बोट लावलं, अलगद, मध्ये फट पडू न देता.

बाबा गेले का? कळत नाही. मी पाठवत असताना मला काहीच दिसत नाही. बघायचं तर बोट उचलावं लागतं. उचललं आणि ते टाइप करतच असले तर—

तेही हेच बघत असतील. माझी न संपणारी ओळ. बाबा, उठा तिथून. आई, त्यांना उठव. कोणी वीज घालवा रे तिकडची—

अंधार पडला. बयनाबाईंचा दिवा लागला आहे. हाक मारावीशी वाटते. हाक मारून काय—

तिसरं बोट. हात खांद्यापर्यंत बधिर. बाबांचं वय बहात्तर, इतका वेळ बसवत नाही त्यांना. मणका दुखतो. गेले असतील. नक्की गेले असतील. आईनं उठवलं असेल जेवायला—

बोटं उचलली नाहीत मी. घसरली. आपोआप घसरली—

पडदा कोरा. कोरा आहे. गेले. बाबा गेले, सुटले—

न

नाही नाही— दाबते आहे, बोट वळत नाही, कोपर लावते, हात हलत नाही

नेट मा

बाबा नको

नेट माझ्याकडे

बाबा

धोंडी