आपला शिपाई म्हणजे कोणाचा

२ नोव्हें., रवि.
आजच्या भाषणाची सुरुवात उतरवून ठेवते. जमली होती.
"सिल्वासातल्या मराठी पत्तेबाजांनो! हा गेम हिंदी बोलतो, गुजराती बोलतो, तमिळसुद्धा बोलतो. आपण इतकी वर्षं मोबाइलवर डाव मांडतोय, पण 'चढाई' हा एक शब्द अजून पडद्यावर उमटलेला नाही. आपण यांचे ग्राहक, पण यांच्या कानावर आपली भाषा नाही!"
टाळ्या. मग बातमी फोडली. मराठी आवृत्ती येतेय. चाहत्यांच्या प्रत्येक गटाने स्वतः बनवलेला एक पत्ता पाठवायचा, निवडला गेला तर तो गेममध्ये जाणार. दीड वर्ष त्या कंपनीला पत्रं कोणी लिहिली? मी. तेव्हा आपल्या गटाचा पत्ता कोणाचा असावा, हे मी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज वाटली नाही.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत कागदावर छापून कापलेले पत्ते मांडले. माझा 'सभा'. चार ओळींचा मजकूर. नाईककाका (कलेक्टर कचेरीतून निवृत्त, गटात सर्वांत मोठे) चष्मा वरखाली करत म्हणाले, "बाई, ह्यो पत्तो आसा की परिपत्रक?" हशा. मीही हसले.
मग किशोरचा. जवळच्या सायली गावी धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवतो, मूळ शिरपूरकडचा. तोंडातून शब्द निघत नाही. पत्त्याचं नाव 'रिलिव्हर', म्हणजे पाळी संपली की आपल्या जागी येणारा कामगार. मजकूर एवढाच: "आपला एक शिपाई परत हातात घ्या. त्याच्या जागी हा फुकट उतरतो." चित्रात मशीनपाशी उभा माणूस, नजर दाराकडे.
पत्ता हातोहात फिरला. मग गटातली स्नेहल म्हणाली, "अरे यार."
मला टाळ्या मिळाल्या. त्याला 'अरे यार' मिळालं. काय जास्त, ते मला कळतं.

३ नोव्हें., सोम.
शाळा सुरू. दिवाळीनंतरचा पहिला दिवस, निम्मा वर्ग गावाला.
ग्रुपवर लिहिलं: मराठीसाठी भांडून मिळवलेली जागा, तिथे 'रिलिव्हर' हा शब्द? 'बदली' म्हणा.
किशोरचं उत्तर तासाभराने: "ताई, बदली तर सरकारी माणसाची होते. आमचा रिलिव्हरच येतो. नाही आला तर डबल ड्यूटी करा."
सोळा हसरे चेहरे. मी मोजले. गटात माणसं अकरा.
इतकं वाचलं, इतकी व्यासपीठं गाजवली, आणि एक ऑपरेटर एका ओळीत मला सरकारी माणूस ठरवून मोकळा. बरं, मी आहेच सरकारी. राग त्याचाच आला.

५ नोव्हें., बुध.
संध्याकाळी यांना बसवलं. "दहा मिनिटं खेळा माझ्याशी." 'सभा' काढली तर म्हणाले, एवढं कोण वाचणार, दुसरा दे. दिला 'रिलिव्हर'. यांनी शांतपणे पटावरचा माझा हत्ती उचलला, माझा सर्वांत मोठा शिपाई (पटावर उतरवलेला प्रत्येक पत्ता शिपाईच), आणि स्वतःच्या हातात घेतला.
"अहो, तो माझा आहे!"
"'आपला एक शिपाई' लिहिलंय. घरात काय तुझं-माझं?"
थट्टा करत होते. पण मी ताठ बसले. आपला. स्वतःचा, आपल्या दोघांचा, की समोरच्याचा, मान देऊन? तिन्ही होतात! खेळणाऱ्याने ठरवलं तर हा पत्ता समोरच्याचा हत्ती फुकटात पळवतो. असा पत्ता कोणी निवडणार नाही.
यांना काही बोलले नाही. चहा ठेवला. मी गुणगुणत होते, असं हे म्हणाले.

७ नोव्हें., शुक्र.
कि.चा निरोप, मला एकटीला: "ताई, भाषा तपासून द्या ना. रविवारी मतदान शे."
पाहत बसले. 'आपला' तसाच.
उत्तर दिलं: "शुद्धलेखनात एकही चूक नाही."
हे खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे.
त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

९ नोव्हें., रवि.
आज सर्वांसमोर स्नेहलशी खेळले. 'रिलिव्हर' टाकला, तिचा हत्ती उचलला. ती ओरडली, "ए मॅडम, चीटिंग!" मी उभी राहिले आणि 'आपला' या शब्दावर पंधरा मिनिटं बोलले. गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं बोलले नसेन. नाईककाकांनीही मान हलवली.
किशोर कोपऱ्यातल्या बाकावर. पत्ता उलटसुलट करून पाहिला. "हे तं मी पाह्यलंच नाही," म्हणाला आणि हसला. मला वाटलं शुक्रवारचं काढेल. नाही काढलं.
मतदान झालं. 'सभा' जिंकली.
घरी येताना रिक्षात... जाऊ दे. जिंकले.

१० नोव्हें., सोम.
मधल्या सुट्टीत कि.चा फोन. मागे मशीनचा आवाज, तो ओरडून बोलत होता.
"ताई, 'सभा'तबी तेच शे."
"काय तेच?"
"'आपल्या सर्व शिपायांना दोन जीव द्या.' समोरच्यालेबी भेटतील ना मग."
पंधरा मिनिटं ज्या शब्दाची चिरफाड केली, तो माझ्याच पत्त्यात, पहिल्याच ओळीत. स्वतःचं कोण तपासतं.
"ग्रुपवर का नाही टाकलंस?"
"तुम्हाले आधी सांगू म्हटलं. आम्ही रूमवर तीनदा खेळलो तुमचा पत्ता. उशिरा काढला तर लय भारी चालतो."
सामरवरणी गावातल्या त्याच्या खोलीत चौघं कामगार राहतात. माझा पत्ता खरोखर खेळलेली माणसं एवढीच. ज्यांनी मत दिलं, त्यांनी तो वाचलाही नव्हता. ते माझ्या भाषणाला मत देऊन गेले.
त्याने चारचौघांत सांगितलं असतं तर उत्तर दिलं असतं. उत्तरं मला येतात. हा खाजगीत सांगून मोकळा झाला, आता मी कोणाशी भांडू? चांगुलपणातही माझ्यापुढे. पाचवीच्या तासाला उगाच ओरडले.

११ नोव्हें., मंगळ.
कि.ला विचारलं, तुझा पत्ता कसा दुरुस्त करशील? माझा मजकूर तयार होता: "खेळणाऱ्याने स्वतःच्या बाजूकडील". पुन्हा परिपत्रक.
त्याने पाठवलं: "तुझा एक शिपाई परत हातात घे."
खाली: "पत्ता काय साहेब शे का, आप-आप कराले?"
वीस वर्षं व्याकरण शिकवतेय. आठवडाभर 'आपला'भोवती फिरतेय. 'तू' म्हणायचं सुचलं नाही. आता 'सभा'तही 'तुझ्या' लिहिलं तर ते त्याचं, नाही लिहिलं तर भोक तसंच. लिहिलं. शेवटच्या दोन ओळीही काढल्या. बरा दिसतोय पत्ता. त्याच्याइतका नाही, की आहे? मला अजूनही जिंकायचंय, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार.
दुपारी ग्रुपवर टाकलं ते असं:
"मंडळी, रविवारचं मतदान रद्द समजा. 'रिलिव्हर'मधली चूक मला बुधवारीच दिसली होती. किशोरने शुक्रवारी पत्ता तपासायला दिला, तरी मी सांगितली नाही. तीच चूक 'सभा'त होती, ती त्याने मला गुपचूप सांगितली. दोन्ही पत्ते दुरुस्त करून खाली टाकलेत. छापा, कापा, घरातल्या कोणाशी तरी प्रत्येकी एक डाव खरोखर खेळा, आणि गुरुवारी संध्याकाळच्या आत पुन्हा मत द्या."