पहिल्या अल्बममधलं सातवं गाणं

प्रिय श्रेयू,

हे एकटी असताना वाच, आणि मला लगेच फोन करू नकोस. माझा फोन तुझे बाबा तपासतात. शेजारच्या महमुदाचा दीर अर्शद उद्या पुण्याला येतोय, तो हे तुझ्या हातात देईल. महमुदाच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं.

तुमच्या बँडचा पहिला अल्बम ऐकला. बाबा ड्युटीवर गेल्यावर, दाराला आतून कडी लावून. तू म्हणाली होतीस, याला पोस्ट-पंक म्हणतात, चाळीसेक वर्षांपूर्वीची रॉक संगीताची तऱ्हा, कानाला गोड लागणार नाही. नाहीच लागली. बेस गिटार पुढे पुढे चालते, मागे कुणी पत्रा घासतंय असं वाटतं, आणि तू गात नाहीसच, घडलेलं सांगावं तसं सांगतेस. इथे आखातात असताना शाळेतून आलीस की मी मराठीत विचारायचे आणि तू इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचीस. तुझा एवढा ठाम आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग सातवं गाणं लागलं. इंग्रजी मला पुरतं कळत नाही, पण मध्येच तू मराठीत म्हणालीस, "काही नाही, कपाट पडलं. झोप तू." तेच पुन्हा पुन्हा. माझेच शब्द, त्या रात्री दाराआडून तुला सांगितलेले. महमुदाला बोलावून बाकीचे शब्द समजून घेतले. सहा वर्षांची मुलगी, बंद दार, भिंतीपलीकडचे आवाज. अर्थ सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी कंपनीतल्या आकिबने कौतुकाने बाबांना गाडीत तेच गाणं ऐकवलं. घरी आले, जेवले, हात धुतले. ओरडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाले, "गुरुवारपर्यंत ते गाणं काढून टाकायला सांग तिला." माझा व्हिसा त्यांच्या नावावर, पासपोर्टही त्यांच्याच बॅगेत असायचा. काल ते आंघोळीला गेले तेव्हा मी तो काढून महमुदाकडे दिला. अजून त्यांनी बॅग उघडलेली नाही. आज दुपारी फोन घरीच ठेवून मी जिदहफ्स गावी महमुदाच्या बहिणीकडे जातेय. शनिवारी तुझ्याकडे यायचं विमान आहे.

गाणं काढून टाकू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं. बाबा सगळ्यांना सांगतील, पोरीने मनाचं रचलंय. आत्या, काका तुला विचारतील, आणि आई नेहमीसारखी गप्प बसणार असं तू धरून चालली असशील. लहानपणी तू विचारलंस तेव्हा मी, स्वप्न पडलं असेल, म्हणाले होते. स्वप्न नव्हतं, श्रेयू. तू ऐकलंस ते सगळं खरं होतं. पडत होते ती मी. आता कुणीही विचारलं तरी मी हेच सांगणार. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

तुझीच,
आई