कप्तानाचं येणंजाणं

३ जून
नवं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण सतरा वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतंत्र खोली मिळालीय, म्हणून सगळं माफ! बाबांना इथल्या कारखान्यात बढती मिळाली, आईने पहिल्याच दिवशी शेजारणीशी गट्टी जमवली आणि माझी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात निवड झाली. संघाच्या कप्तानाने स्वतः येऊन अभिनंदन केलं. उंच, हसरा. शिक्षकसुद्धा त्याला कप्तानच म्हणतात.

१४ जून
कप्तान रोज मला घरापर्यंत सोडतो. त्याचं घर बरोबर उलट्या दिशेला आहे, हे आज कळलं. खोटं कशाला बोलू, जरा भाव खाल्ला मी मनातल्या मनात.

२६ जून
आज त्याने विचारलं. मी सरळ नाही म्हटलं. तो हसून म्हणाला, घाई नाही. मी घरी पोचले तर तो आधीच येऊन आईला गॅसची नळी बदलून देत होता. किती गुणी मुलगा, असं आईचं रात्रीपर्यंत चाललं होतं.

५ जुलै
माझ्या शेजारी पोहणारा मुलगा आता माझ्याकडे बघतही नाही. त्याची दोन बोटं मोडलीत. दारात सापडली म्हणतो.
मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कप्तानाला जिन्यातच गाठून खडसावलं, पुन्हा इकडे फिरकू नकोस म्हणून. तो खाली मान घालून ऐकत होता. हायसं वाटलं.

६ जुलै
सकाळी बाबा जिन्यावरून घसरले. घोट्याचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. पायरीवर तेल होतं. कुणाची तरी पिशवी गळली असेल, असं आई म्हणते. बाबांना उचलून खाली नेलं ते कप्तानाने. सकाळी सातला तो आमच्या जिन्यात काय करत होता, हे कुणीच विचारलं नाही.

१९ जुलै
बाबा त्याच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात जातात. आज त्यांनी त्याची माफी मागितली. माझ्यादेखत.
मी तेलाचं बोलले. आईने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाळा, एवढा आकस बरा नव्हे. तो नसता तर आपलं काय झालं असतं?"

२ ऑगस्ट
पोहणं सोडलं. मावशीकडे निघून जावं म्हणून तिला फोन केला. तिला आधीच कळलं होतं — मी घरातून पळायच्या बेतात आहे म्हणे. आईच्या फोनवरून नंबर घेऊन त्यानेच—

९ ऑगस्ट
माझ्या खोलीची कडी काढली. मी जिवाचं बरंवाईट करून घेईन, असं त्याने आईच्या डोक्यात भरवलंय. स्क्रू त्यानेच काढले. आई टॉर्च धरून उभी होती.

११ ऑगस्ट, दुपार
आई-बाबा दवाखान्यात गेलेत. मला एकटं सोडायचं नाही म्हणून त्याला बसवून गेलेत.
मी पलंग दाराला लावलाय. तो ओरडत नाही. दारापलीकडून शांतपणे बोलतोय.
"तू नाही म्हणालीस, तेव्हाच ठरवलं. तुला विचारायचंच नाही. घरच्यांना विचारायचं. ते हो म्हणाले."
आईला फोन केला. रडत सांगितलं. ती म्हणाली, वेडेपणा करू नकोस, पलंग सरकव, त्याला आत येऊ दे. मागून बाबांचा आवाज — तेही तेच —
दार वीतभर उघडलंय. पाठ पलंगाला, पाय भिंतीला लावून बसलेय — पाय घसरतायत —
त्याचा हात आत आलाय. माझे केस —
दार दोन वी