मका दुधात असताना

३ मे, शनिवार. सकाळ.

घरात चिमटा सापडत नाही. ज्या घरात माणसं दोन आणि जुनी पंचांगं अकरा, त्या घरातून नेमका चिमटा अंतर्धान पावावा, याला गृहव्यवस्थेचा प्रलयच म्हणायचं. चहाचं पातेलं उपरण्याने उतरवलं. उपरण्याला डाग, अंगठ्याला फोड. ही बातमी पेपरात लागणार नाही, म्हणून इथे नोंद.

सौ. काल भावाकडे धावड्याला गेली. वाळवणासाठी. कुरडया, पापड, शेवया, दरवर्षीचंच. निघताना "जाते" म्हणाली. मी सांगितलं, असं म्हणू नये, "येते" म्हणावं. ती उंबऱ्यात थांबली, जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा म्हणाली, "जाते."

बसची घाई असणार.

३ मे, संध्याकाळ.

संकल्प. फेब्रुवारीत सत्यशीला (म्हणजे सौ.) मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होती. कुणी गोरा माणूस अंगणात लोखंडी पेटीत मक्याची कणसं धुरावर ठेवतो, बऱ्याच वेळाने काढून लोणी-तिखट फासतो, आणि सगळं खानदान उभ्याउभ्या खातं. ती म्हणाली, आपण बी करू ना एखाद्या दिवशी. त्यावर धूर आणि अग्नी यांचा संबंध न्यायशास्त्राने कसा लावलाय, ते मी तिला सांगितलं. सविस्तर. तिने मोबाइल बंद केला. विषय पटला असावा.

तर येत्या रविवारी, ११ तारखेला, परसात स्मोक्ड मका. पार्टी. तोवर ती आलेलीच असेल. तिला आधी सांगायचं नाही, सरप्राइज. थंडीत हुरडा पार्टी होते, तर उन्हाळ्यात मका पार्टी का नको? हा विचार तीर्थपुरीत आजवर कुणाला सुचलेला नाही.

५ मे, सोमवार.

शेजारच्या निजामोद्दीनच्या मळ्यात जाऊन आलो. विहिरीच्या पाण्यावर त्याचा उन्हाळी मका आहे. एक कणीस सोलून त्याने दाण्यात नख रोवलं. पांढरं दूध माझ्या चष्म्यावर उडालं. म्हणाला, "पंडितजी, मका आज दुधात हाय. आजच घेऊन जा. ह्या उन्हात तो कुनासाठी थांबत न्हाई."

मी म्हणालो, रविवारी नेईन, तुमच्या भाभी येणार आहेत. तो कणीस माझ्या हातात देऊन मोटर बंद करायला गेला.

लाइट सकाळपासून गेलेली होती.

७ मे, बुधवार.

स्मोकरची सिद्धता. गौतमचंद शेठच्या किराणा दुकानातून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मिळवला. खिळ्याने भोकं पाडायची, वर जाळी, खाली निखारे. ज्या देशाने यज्ञकुंड बांधलं, त्याला स्मोकर काय अवघड आहे?

गल्ल्यावर शेठच्या घरच्या, चंदनबाई, होत्या. त्यांनी विचारलं, सत्यशीला दिसत नाही. मी म्हणालो, धावड्याला गेल्यात, पापड करून राहिल्यात. त्या म्हणाल्या, पण ह्या खेपेला तर होळीच्या आधी दोघींनी मिळून पापड लाटले, तुमचा डबा भरून दिला की. शेठनी त्यांना एकदम आत साखर बघायला पाठवलं.

घरी येऊन बघितलं. डबा भरलेला आहे. एका मोसमात दोनदा वाळवण करणारी गृहिणी विरळाच.

लाकूड कुठलं घ्यावं, यावर परदेशी लोक फार घोळ घालतात. सफरचंदाचं, चेरीचं. माझ्याकडे वास्तुशांतीच्या समिधा उरल्यात: पळस, उंबर, खैर. देवांनी आजवर तक्रार केलेली नाही.

९ मे, शुक्रवार.

धावड्याला फोन केला. मेहुणे रामराव यांनी उचलला. ताई कामात आहे म्हणाले. रविवारी येणार ना, असं विचारलं. म्हणाले, "बघू, दाजी."

मंत्र्याने "बघू" म्हटलं की आम्ही वार्ताहर "ठोस आश्वासन दिले" असं छापतो. त्यामुळे येणार.

कार्यक्रमाच्या आधीच बातमी लिहून ठेवायची, ही आमच्या धंद्याची रीत. लिहून ठेवली. "तीर्थपुरीत धूम्रस्वादी मका मेळावा उत्साहात संपन्न. शेवटी सौ. सत्यशीला यांनी उपस्थितांचे आभार मानले." छायाचित्र तेवढं नंतर.

११ मे, रविवार.

सकाळपासून स्टँडवर होतो. धावड्याची माणसं जालन्याला गाडी बदलतात, म्हणून जालन्याहून येणारी एकेक गाडी बघितली. उन्हाने डोकं भणभणलं. पार्टी १८ तारखेवर ढकलली. कारण: वाढते तापमान.

निजामोद्दीनला निरोप दिला, अजून आठ दिवस कणसं राहू दे. त्याने भिंतीवरून एक कणीस दाखवलं. वरचे केस वाळून तपकिरी झालेत. नख रोवलं, दूध आलं नाही. मी म्हणालो, पिकाने आणि माणसाने थोडी कळ काढावी. तो म्हणाला, काढतो ना पंडितजी, पन पिकाला कोन सांगनार?

संध्याकाळी लेकीचा, गार्गीचा, पुण्याहून फोन. तिने विचारलं, आईला फोन केला का. मी म्हणालो, केला. ती म्हणाली, मामाला केला तुम्ही. आईला केला का? आईजवळ तिचा मोबाइल आहे. मी म्हणालो, धावड्याला रेंज नसते. ती म्हणाली, मी आत्ता तासभर आईशीच बोलत होते.

गार्गीचं नेटवर्क चांगलं आहे. आपण कंपनी बदलावी.

१४ मे, बुधवार.

रंगीत तालीम. गौतमचंद शेठकडून विकतचं एक कणीस आणून डब्यात लावलं. धूर अमाप, आग शून्य. जिथे धूर तिथे आग, या सिद्धान्ताला मी परसात पहिला अपवाद निर्माण केला. नंतर रॉकेलचा शिंतोडा दिला तर आग शेडच्या पत्र्यापर्यंत चढली आणि धूर शून्य. कणसाची एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. कणीस फिरवायला बोटं घातली. आता फोड दुसऱ्या हातालाही.

चिमट्याशिवाय हे काम होणे नाही. पुन्हा शोधला. ओट्याखाली, माळ्यावर, देवघरामागे. तो काही बाजारातला नव्हता. लग्नात तिच्या आईने धावड्याच्या लोहाराकडून घडवून दिलेला, लांब दांड्याचा, टोकाशी जरा वाकडा. हातात घेतला की तिला बांगडीसारखा बसायचा.

संकल्प: तिला फोन करणे. विषय: चिमटा. उद्या.

१६ मे, शुक्रवार.

फोन करायचा राहिला. काल तीर्थपुरीतल्या पाणीटंचाईची बातमी होती. आज मोबाइल हातात घेतला होता. पण दुपारी माणसं झोपतात, आणि संध्याकाळी तिकडे स्वयंपाकाची वेळ. सकाळची वेळ त्यातल्या त्यात बरी. पण सकाळी मी घाईत असतो.

१८ मे, रविवार.

पार्टी झाली.

गौतमचंद शेठ सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, म्हणून वेळ दुपारी चारची ठेवलेली. पत्र्याच्या शेडखाली बाहेरचं ऊन आणि आतला डबा, यांत जास्त गरम कोण, हे ठरवणं कठीण होतं. मका निजामोद्दीनने सकाळीच आणून दिला. मी नख रोवून बघितलं. नख वाकलं.

तासभर धूर दिला. समिधांचा वास सुटला तसे गल्लीतले दोघेतिघे पूजा आहे समजून चपला काढून आत आले आणि तसेच गेले. लोणी वितळून निखाऱ्यात पडलं. तिखट डोळ्यांत गेलं. दाणे काही मऊ झाले नाहीत. शेठनी एक दाणा दाढेखाली धरून बघितला, प्रसादासारखं लागतं म्हणाले, आणि कणीस पिशवीत टाकलं. निजामोद्दीन मात्र मान खाली घालून अर्धं कणीस चावत राहिला. मैत्री म्हणतात ती हीच.

एवढ्यात फाटकापाशी रामराव. मी उठून पुढे गेलो. त्यांना ओलांडून फाटकाबाहेर बघितलं. रस्त्यावर मालवाहू रिक्षा उभी होती. रिक्षात ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं.

त्यांना कणीस दिलं, त्यांनी हातातच ठेवलं. म्हणाले, ताईची शिलाई मशीन न्यायला आलतो. ताई तिकडं ब्लाउज शिवायचं काम करून राह्यली. गल्लीतल्या बाया येतेत. शेठ आणि निजामोद्दीन दोघांना एकाच वेळी घरी काम आठवलं.

काही तरी बोलावं म्हणून मी म्हणालो, रामराव, चिमटा असता तर मका असा झाला नसता, घरातून चिमटाच गेलाय बघा.

ते म्हणाले, "चिमटा तिकडं हाय, दाजी. ताईनं येतानाच आनलाय."

मशीन आम्ही दोघांनी उचलली. रिक्षात ठेवताना मी विचारलं, सौ. काही म्हणाली का. रामराव दोरी बांधत होते. गाठ नीट बसवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई म्हनते, तुमचा राग न्हाई. पन इतकी वर्सं तिनं नुसती उत्तरंच ऐकली. तिला कधी कुनी काही इचारलंच न्हाई."

यावर मला एक सुभाषित आठवलं. म्हटलं नाही.

१९ मे, सोमवार.

मेळाव्याची बातमी पाठवली नाही. आभाराचं वाक्य काढलं तर मग बातमी कशाची, हे कळेना.

उरलेली कणसं निजामोद्दीनने नेली. दळून घेतो म्हणाला.

तर्कशास्त्रात शिकलो होतो, डोंगरावर धूर दिसला की आग ओळखावी. घरात पापडाचा डबा भरलेला होता, शेजारी गप्प होते, लेक तेच ते विचारत होती. आठ दिवसांसाठी माहेरी गेलेली बाई चिमटा नेत नाही.

ती आता येणार नाही, अशी मला भीती वाटते. उद्या धावड्याला जाईनही. सकाळच्या गाडीने जाता येतं. पण तिच्यासमोर बसल्यावर तिला पहिलं काय विचारायचं, ते मला येत नाही.