आज्याची जीप जमा करण्याबाबत

मुक्काम मंडी डबवाली (हरियाणा)

तीर्थस्वरूप व्यंकटराव मामा,

तुमच्या आन मामीच्या पायावर मुंजाजीचं डोकं. मामीचा गुडघा कसा हाय? म्हशीनं लाथा झाडायचं सोडलं का? मी खुशाल हाय, फकस्त कामातनं बूड टेकायला सवड न्हाई. (आता बी उभ्यानंच लिहायलोय. फोनवर तुमी ऐकायच्या आधीच शिव्या देता, म्हणून कागद.)

इथं मिलिटरीनं लिलावात काढलेल्या जुन्या जीपा येतात. आमी त्या खोलतो, धुतो, आन शौकीन लोकांसाठी पुन्हा जशाच्या तशा जुळवतो. जुळवतो म्हणजे मिस्त्री जुळवतो, मी दोन साल झाले डिझेलनं नटबोल्ट धुवायलोय. पान्ह्याला हात लावला की म्हणतो, "आधी धुऊन घे." कंटाळून मालकाला बोलून गेलो, आमच्या वालूरला बी आज्यानं लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप हाय, एकदम अस्सल. मालक खुर्चीवरून उठलाच. म्हणला, ती आण, तुझ्या हातानं खोलून जुळव, त्या दिवसापासून तू मिस्त्री.

मामा, मी खोटं कुठं बोललो? जीप हायच, फकस्त गावभर हाय. इंजन तुमच्या विहिरीवर (लाईट गेली की आजून तेच पाणी ओढतं, मला ठाव हाय, डोळे वटारू नका). चाकं बैलगाडीला. बॉनेट उलटं करून म्हशीची गव्हाण. सीट माऊली न्हाव्याच्या दुकानात. स्टेअरिंग तानुबाईच्या चुलीवर टांगलंय, त्याला ती मिरच्या अडकवती. हे समदं मी गोड बोलून काढीन. पर मालक म्हणतो, बाकीचं काय बी खराब निघालं तर बाजारात मिळंल, पर अस्सल ठरायला चासीवरचा नंबर पायजेच. आन चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तर आज्यानं ओढ्यावर टाकलीय, सारं गाव तिच्यावरून रानात जातं. म्हणजे पूलच उचलावा लागतो. लोक चार दिवस बोंबलतील, मग उडी मारायला शिकतील. माझी मातर जिंदगी धुण्यात जायलीय, मामा.

तुमचा भाचा,
मुंजाजी

ता. क. : मालकाला जीप चालू हालतीत हाय असं सांगितलंय. पंधरा दिवसांनी तो माझ्यासंगं वालूरला येयलाय. तवर तारेनं बांधून का व्हईना, उभी करा.

ता. क. दुसरा : न्हाईच जमलं तर त्याला सांगा, चारठाण्याला वरातीत गेलीय.

ता. क. तिसरा : त्याच्यासमोर "अय मुंज्या" म्हणू नका. मिस्त्री म्हणा. चहा होईस्तोवर तरी.