आठ महिन्यांचा चुलतभाऊ

छत्रपती संभाजीनगर,
२६ एप्रिल

प्रिय इंद्रजीत,

'प्रिय' लिहिण्याआधी मी दोन कागद फाडले. त्यांवर नुसत्या शिव्या होत्या. फोन करणार नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, तिसऱ्या वाक्याला हसवतोस. अजिंठ्याहून मामेबहिणीचं लग्न उरकून येशील तेव्हा हे पत्र तुझ्या उशीवर असेल आणि माझी गादी, कपडे, पुस्तकं खोलीत नसतील. उभ्यानं वाचू नको. बसून वाच.

ऑगस्टात समाजकल्याणच्या वसतिगृहात माझा नंबर लागला होता. यादीत सातवं नाव. मायनं गावभर सांगितलं होतं. तुला मात्र कुठंच जागा मिळाली नव्हती. तू म्हणालास, "सातवीपासून एका बाकावर बसलो, न् आता शहरात येऊन तू एकीकडं, मी एकीकडं? नाय चालायचं." मला लई बरं वाटलं होतं. आता रागात आहे म्हणून सांगतो, तुझं गणित कच्चं आहे हेही एक कारण होतं, आणि ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मी ऑफिसात जाऊन जागा नको असल्याचा अर्ज दिला. तिथल्या मॅडमनं दोनदा विचारलं, नक्की का रे? मी म्हणालो, नक्की.

मग तीन दिवस आपण खोल्या शोधल्या. पुंडलिकनगर, गारखेडा, हडको. सगळीकडं पहिला प्रश्न आडनावाचा. तू 'औताडे' म्हणायचास, तोवर घरमालक हसरा असायचा. मी 'मगरे' म्हटलं की त्याला आठवायचं, खोली कालच दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी द्वारकाबाईंच्या दारात उभे होतो तेव्हा माझे पाय भरून आले होते. त्यांनी विचारलं, दोघं कोण कोण? मी 'धम्मपाल' म्हणायला तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी इंद्रजीत औताडे. हा धनराज, माझा चुलतभाऊ." आधार कार्ड तुझं दिलंस, माझं गावाकडं राहिल्याचं सांगितलंस. जिना चढताना पाठीवर थाप मारलीस, "बघ, जमलं का नाय?" मी हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

द्वारकाबाई वाईट नाहीत, हे तर आणखीच वाईट. "धनराज बाळा, शिरा केलाय," म्हणून वर आणून द्यायच्या. मी खायचो, आणि प्रत्येक घासाला वाटायचं की हा कुणा दुसऱ्याच्या ताटातला आहे. आई-वडील काय करतात असं त्यांनी विचारलं की मी तुझ्या काकाची शेती सांगायचो. तुमच्या विहिरीचं पाणी, तुमची मोसंबी. सवय झाली होती. सवय होते, याचाच राग आहे.

चौदा एप्रिलला लायब्ररीत जातो सांगून मी भडकल गेटला गेलो. जयंतीला मी जन्मात कधी घरात बसलो नाही. पोरांनी कपाळाला निळा गुलाल फासला, तासभर नाचलो. परत येताना एका हॉटेलाच्या नळाखाली डोकं धुतलं. इंद्रजीत, माझ्या आज्यानं गावात काय काय सोसलं, पण निळा रंग त्याला कुणी धुवायला लावला नाही. मी तो आपल्या हातानं धुतला. खोलीत आलो तर कानामागं राहिलेला ठिपका तूच दाखवलास, आणि टॉवेल पुढं केलास. त्या वेळी मी तुला थँक्यू म्हणालो होतो.

हे सगळं मी गिळलं असतं. मागच्या रविवारी गावाकडं गेलो नसतो तर अजूनही गिळत राहिलो असतो. मायनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुझ्या घरमालकिणीला पाव्हणे चालत्यात का आता?" मला कळेना. मग तिनं सांगितलं. नोव्हेंबरात मला ताप आला होता, आठवतो ना? मी वरच्या खोलीत पडून होतो. ती खुलताबादहून एसटीनं आली, रिक्षा करून पुंडलिकनगरात आली, आणि तू तिला पिठाच्या गिरणीपाशी गाठलंस, म्हणालास, धम्मपाल बरा झालाय, कॉलेजात गेलाय, संध्याकाळपर्यंत येत नाय, मालकीण कडक आहे. तिच्या हातातलं गाठोडं घेतलंस आणि तिला परत रिक्षात बसवून दिलंस. शंभर पावलांवर मी होतो. त्या संध्याकाळी तू मला तिचीच भाकरी दुधात कुस्करून भरवलीस आणि म्हणालास, मायनं डबा एसटीत पाठवलाय. त्या रात्री माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्याही तूच ठेवत होतास. तू नुसता हरामखोर असतास तर माझं काम सोपं होतं.

माय चिडलेलीसुद्धा नाही. "लेकरू घाबरलं होतं, तोंड उतरलं होतं त्याचं," एवढंच म्हणाली. वर विचारलं, "बाबासाहेबांचा फोटो लावला का टेबलावर?" कसला फोटो? भाकरीबरोबर त्याच गाठोड्यात बांधला होता म्हणे. परत आल्यावर मी तुझी पेटी उघडली. हो, न विचारता उघडली. तळाशी, पेपरात गुंडाळलेला, तुझ्या स्वेटरच्या खाली. काच फुटू नये म्हणून स्वेटर! सहा महिने तो तुझ्या पेटीत होता.

तो फोटो घेऊन मी काल सकाळी गच्चीवर गेलो. द्वारकाबाई कुरडया वाळत घालत होत्या. मी म्हणालो, "काकू, माझं नाव धम्मपाल मगरे. मी इंद्रजीतचा कुणी चुलतभाऊ नाय." त्या फोटोकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "मग धनराज कोण?"

"कुणीच नाय, काकू."

त्यांनी पदराला हात पुसले आणि खाली गेल्या. दुपारी त्यांचा मुलगा साहेबराव वाळूजहून शिफ्ट संपवून आला आणि सरळ वर आला. खोली उद्याच रिकामी कर म्हणाला. "जातीचं आमच्याकडं काही नसतं बरं का. तू खोटं बोललास, म्हणून." आणि खोटं तर मी बोललोच होतो. ऑगस्टात त्यांनी मला दारातून परत पाठवलं असतं तर मी ताठ मानेनं त्यांच्यावर चिडलो असतो. आता त्यांनी मला का काढलं हे मला कधीच कळणार नाही. खोली मिळवून देताना तू माझ्याकडून एवढं घेतलंस. वसतिगृहातली माझी जागा दुसऱ्याला गेली. परीक्षा होईपर्यंत तिथल्याच बन्सीच्या खोलीत, त्याच्या कॉटखाली गादी टाकून राहणार आहे. काल संध्याकाळी विचारायला गेलो तेव्हा दारावर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझं पूर्ण नाव सांगत होता, मला विचित्र वाटलं.

तुला खोली सोडावी लागणार नाही. का, ते सांगायलाच हे पत्र लिहिलं. साहेबरावनं विचारलं, ही आयडिया कुणाची? मी म्हणालो, माझी. इंद्रजीतला मीच गळ घातली, तो भिडेला पडला. द्वारकाबाई जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तरीच. तो पोरगा साधा आहे." परीक्षा बारा दिवसांवर आहे, तुझं सामानही रस्त्यावर येईल, एवढंच त्या क्षणी सुचलं. बाकावरची जुनी सवय, तुला वाचवायची. पण जिना उतरताना मला कळलं, तुझ्यासाठी मी आता हेही माझ्या अंगावर घेतलं. म्हणून सांगतो, हे खोटं मी फक्त तू येईपर्यंत सांभाळलंय. खाली जा आणि ती आयडिया कुणाची होती ते त्या दोघांना तुझ्या तोंडानं सांग. काढतील तुलाही, कदाचित नाही काढणार, ते तुझं तू बघ. सांगितलंस तर बन्सीच्या खोलीवर ये, गणिताची दोन प्रकरणं राहिली आहेत. नाही सांगितलंस तर कॉलेजात मला हाक मारू नको, मी ओ देणार नाही.

अजून तरी तुझाच,
धम्मपाल मगरे