धानाची झालर

आसगाव, ८ डिसेंबर

चि. गुंजनले आजीचे पोटभर आशीर्वाद.

पयले चिमण्याच आल्या, मंग कवडे, आन शेवटी ती खार, मानपानासाठी अडून बसलेल्या आत्यावानी! औंदा नव्या धानाच्या लोंब्यांची झालर मीच विणून दाराले टांगली. तुह्या आजोबाची वीण घट्ट राहे, माही ढिली. चिमण्या लटकून दाणे सोलतात, कवड्यांले लटकणं जमत नाही, ते खाली सांडलेलं टिपतात. घर भरल्यावानी वाटते. पण खार अख्खी लोंबीच ओढते. शेजारचा पुंडलिकराव म्हणे, काकू, चोरटी चिमण्यांच्या तोंडचं पळवून राह्यली. म्हणून मी झालरीले मासोळ्यांचं जुनं जाळं गुंडाळलं. हाय ना तुही आजी हुशार? हॉस्टेलात फोन देत नाहीत, तर दोन ओळी लिहीत जा. मी चारदा वाचते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आजी, रुखमा

नागपूर, १४ डिसेंबर

ती. आजीस गुंजनचा शि. सा. नमस्कार.

आत्याचं वाचून अख्खी खोली हसली. पण आजी, खार ओढते म्हणूनच दाणे सांडतात ना? मग कवडे आता काय खातील? काकाचा गोलू आला की तू असाच लाडवांचा डबा वर ठेवते. माझ्यासाठी ठेवते, ठाऊक आहे. पण तो रुसला, म्हणून दिवाळीत आला नाही. मला एकटीला लाडू गोड लागले नाहीत. येत्या रविवारी त्याला घेऊन येऊ?

रागावली तरी लोभ ठेव.
तुझी गुंजन

आसगाव, २४ डिसेंबर

चि. गुंजनले आशीर्वाद, गोलूलेही.

रविवारी तुम्ही दोघं आले तवा तुमच्यासमोर सांगाले लाज वाटली, म्हणून लिहिते. तुहं पत्र आलं तवा अंगण सुनं होतं. कवडे रिकामी जमीन पाहून उडून गेले, चिमण्याही जाळ्याले भ्याल्या. सकाळचा चहा मी दाराकडे पाहत थंड करत होती. मंग जाळं कापलं. पयले कोण आलं असंन? तीच आत्याबाई! तिनं ओढलं, सांडलं, कवडे आले. चिमण्या मात्र तुम्ही आले त्या दिवशी आल्या.

डबा खाली ठेवला हे बरं झालं. गोलूनं अर्धा फस्त केला, तू त्याच्या ताटलीतला चुरा वेचला, आन दोघंही हसत होते. तुमची बस गेली तवा घर लय मोठं वाटलं बाई. चुरा मी अजून झाडला नाही, मुंग्या नेऊन राह्यल्या.

जाताना गोलू म्हणे, आजी, आम्ही दोघं संक्रांतीले येतो, डबा खालीच ठेवजो. कॅलेंडरात संक्रांतीच्या घरात तुमची दोघांची नावं लिहिली हायेत.

वाट पाहणारी,
आजी